एक्सएमएलमधील मजकूर आणि अ‍ॅट्रिब्यूट कोडने बदलणे: एका ग्रंथसूचीच्या निमित्ताने सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा आणि सांगे परिसरातील काही गावांच्या वाचनालयांची एकत्रित ग्रंथसूची एका जुन्या प्रणालीतून एक्सएमएल स्वरूपात (म्हणजे टॅग नावाच्या खुणांनी माहिती मांडणाऱ्या मजकूर-फाइलच्या रूपात) बाहेर काढलेली आहे. तीत फोंडा तालुक्यातील वाचनालयांपुढे अजूनही ‘उत्तर गोवा’ असे लिहिलेले आहे, ते ‘दक्षिण गोवा’ करायचे आहे. सांगे तालुक्यातील ज्या गावांचा समावेश आता धारबांदोडा तालुक्यात होतो, त्यांच्या नोंदी दुरुस्त करायच्या आहेत. शिवाय शीर्षकांत शिरलेल्या जादा मोकळ्या जागा काढायच्या आहेत आणि प्रतींचे आकडे अद्ययावत करायचे आहेत. प्रश्नकर्त्यांनी आधी मजकूर-संपादकात ‘शोधा आणि बदला’ वापरून पाहिले, तेव्हा नको तिथला मजकूर बदलला. मग पायथनमध्ये लहानसा प्रोग्रॅम लिहिला, तर देवनागरी अक्षरांच्या जागी आकडे उमटले आणि फाइलमधील टिपणे (कॉमेंट) नाहीशी झाली. हे काम सुरक्षितपणे कसे करावे, असे त्यांनी विचारले आहे.

या कामाविषयी माझे म्हणणे एकच आहे आणि पुढील सर्व तपशील त्यातूनच निघतो. जो बदल हवा तो नेमक्या नोंदीच्या नेमक्या जागी व्हावा, बाकीचा दस्तऐवज जसाच्या तसा राहावा, आणि तो तसा राहिला आहे हे आपल्याला दाखवून देता यावे. बदल करणारी ओळ लिहायला काही मिनिटे पुरतात. खरे कष्ट आहेत ते जागा निश्चित करण्यात आणि बाकीचे काही बिघडले नाही याची खातरजमा करण्यात.

चर्चेसाठी ग्रंथसूचीचा एक लहान तुकडा समोर ठेवतो. शीर्षके नमुन्यासाठी रचलेली आहेत.

<ग्रंथसूची>
  <!-- देणगीतील पुस्तके वेगळ्या कपाटात -->
  <ग्रंथ क्रमांक="४१२" प्रती="२">
    <शीर्षक> गोमंतकातील <विशेष>जत्रा</विशेष> आणि लोकाचार  </शीर्षक>
    <प्रकाशनस्थळ>नोवा गोवा</प्रकाशनस्थळ>
    <वाचनालय गाव="शिरोडा" तालुका="फोंडा" जिल्हा="उत्तर गोवा"/>
  </ग्रंथ>
  <ग्रंथ क्रमांक="४१३" प्रती="१">
    <शीर्षक>कीर्तनकार सांगे कथा</शीर्षक>
    <वाचनालय गाव="मोले" तालुका="सांगे" जिल्हा="दक्षिण गोवा"/>
  </ग्रंथ>
  <ग्रंथ क्रमांक="४१४" प्रती="३">
    <शीर्षक>रानवाटा</शीर्षक>
    <वाचनालय गाव="रिवण" तालुका="सांगे" जिल्हा="दक्षिण गोवा"/>
  </ग्रंथ>
</ग्रंथसूची>

एलिमेंटची आणि अ‍ॅट्रिब्यूटची नावे देवनागरीत पाहून कोणी बिचकू नये; ‘ग्रंथ’, ‘शीर्षक’ असे टॅगांनी बांधलेले भाग म्हणजे एलिमेंट, आणि टॅगच्या आत लिहिलेल्या ‘गाव’, ‘तालुका’ यासारख्या नाव-मूल्याच्या जोड्या म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट. १९९८ साली एक्सएमएल १.० ही शिफारस प्रसिद्ध झाली तेव्हापासून देवनागरी अक्षरे नावांत चालतात. नावाची सुरुवात मात्रेने किंवा अंकाने होऊ नये आणि नावात मोकळी जागा असू नये, एवढे पाळले म्हणजे झाले. नावात अदृश्य जोडचिन्हे येऊ देऊ नयेत, कारण ती २००८च्या पाचव्या आवृत्तीत मान्य झाली असली तरी सर्वच पार्सर (एक्सएमएल वाचून उलगडणारे प्रोग्रॅम) त्या आवृत्तीप्रमाणे चालत नाहीत.

आता ‘शोधा आणि बदला’ का फसते ते या तुकड्यातच दिसते. ‘सांगे’ हे तालुक्याचे नाव आहे, तसेच ते आपल्या जुन्या पद्यात पदोपदी येणारे क्रियापदही आहे, आणि ‘सांगेल’, ‘सांगेन’ यांच्या पोटातही तीच अक्षरे आहेत. संपादकाला हे सारे सारखेच दिसते. त्याच्या लेखी फाइल म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ असते, आणि एखादे अक्षर शीर्षकात आहे की तालुक्याच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, हे त्याला ठाऊक नसते. ‘तालुका="सांगे"’ असा लांब शोध दिला तरी काम निर्धोक होत नाही. एक्सएमएलमध्ये अ‍ॅट्रिब्यूटचे मूल्य एकेरी अवतरणातही लिहिता येते, बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा सोडता येते आणि अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम कोणताही असू शकतो. फाइलचा अर्थ या सर्व रूपांत एकच असतो, पण शोधलेली अक्षरमाला प्रत्येक रूपाशी जुळत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा साचा देऊन शोधण्याची पद्धत) वापरल्याने हा प्रश्न थोडा पुढे ढकलला जातो, सुटत नाही. म्हणून फाइल पार्सरकडून वाचून घ्यावी, तिचे, म्हणजे एकात एक बसलेल्या एलिमेंटांचे, झाड स्मृतीत उभे करावे, झाडातील नेमक्या जागी बदल करावा आणि झाड पुन्हा फाइलमध्ये लिहावे, हाच मार्ग योग्य.

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या दुरुस्तीपासून सुरुवात करू. फोंडा तालुका २०१५ साली उत्तर गोवा जिल्ह्यातून दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला. त्यामुळे पहिला नियम सरळ आहे: ज्या ‘वाचनालय’ एलिमेंटचा तालुका ‘फोंडा’ आणि जिल्हा ‘उत्तर गोवा’ आहे, त्याचाच जिल्हा बदलायचा. दोन्ही अटी लिहाव्यात, असा माझा आग्रह आहे. केवळ तालुका तपासून जिल्हा बदलला तरी शेवटचे उत्तर बहुधा तेच येईल, पण मग जिथे आधीच ‘दक्षिण गोवा’ होते अशा नोंदी, जिथे जिल्हा रिकामा होता अशा नोंदी आणि जिथे कोणी भलतेच काही लिहिले होते अशा नोंदी, या सगळ्या एकाच मापाने मोजल्या जातील. रिकामी नोंद आपल्याला वेगळी दिसायला हवी, कारण तिच्याबद्दल माणसाने निर्णय घ्यायचा असतो.

दुसरा नियम अधिक नाजूक आहे. २०११मध्ये सांगे तालुक्यातील काही गावे वेगळी होऊन धारबांदोडा हा तालुका झाला. म्हणजे सांगे तालुक्याची प्रत्येक नोंद बदलायची नाही. मोले आणि कुळे धारबांदोड्यात आले, रिवण आणि नेत्रावळी सांग्यातच राहिले. त्यामुळे अट गावावर बेतावी लागते, आणि ती गावांची यादी कोडच्या पोटात न लिहिता बाहेर एका साध्या तक्त्यात ठेवावी. त्या तक्त्यात डावीकडे गाव आणि उजवीकडे आजचा तालुका असावा. तो तक्ता वाचनालयाच्या कार्यवाहांना दाखवता येतो, त्यांच्याकडून तपासून घेता येतो, आणि त्यासाठी त्यांना प्रोग्रॅम वाचता यावा लागत नाही. ज्यांना गावे माहीत आहेत त्यांच्या नजरेखालून नियम गेलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. या प्रकारच्या कामात कोडपेक्षा चुकीच्या यादीमुळे होणारे नुकसान मोठे असते.

आज्ञावलीचा सांगाडा साधारण असा होईल:

प्रत्येक ‘वाचनालय’ एलिमेंटसाठी:
    गाव, तालुका, जिल्हा ही तीन मूल्ये वाचा
    एखादे मूल्य नसेल तर नोंद ‘तपासणी’ यादीत टाका व पुढे जा
    तालुका ‘फोंडा’ आणि जिल्हा ‘उत्तर गोवा’ असेल तर:
        जिल्हा ‘दक्षिण गोवा’ असा ठेवा, बदल नोंदवा
    तालुका ‘सांगे’ असेल आणि गाव तक्त्यात असेल तर:
        तक्त्यातील तालुका ठेवा, बदल नोंदवा
    तालुका ‘सांगे’ असेल आणि गाव तक्त्यात नसेल तर:
        नोंद ‘तपासणी’ यादीत टाका

पायथनच्या ‘एलिमेंटट्री’ या एक्सएमएल हाताळणाऱ्या अंगभूत साधनात यासाठी तीन-चार मेथड (तयार आज्ञा) पुरतात. ‘पार्स’ने फाइल वाचावी, ‘इटर’ने झाडातील सर्व ‘वाचनालय’ एलिमेंट क्रमाने घ्यावेत, ‘गेट’ने अ‍ॅट्रिब्यूटचे मूल्य वाचावे आणि ‘सेट’ने नवे मूल्य ठेवावे. अ‍ॅट्रिब्यूट मुळातच नसेल तर ‘गेट’ ‘नन’ हे रिक्त मूल्य परत देते, आणि रिकामी अक्षरमाला हे त्याहून वेगळे उत्तर आहे. अ‍ॅट्रिब्यूट काढून टाकायचे असेल तर ‘सेट’ला ‘नन’ देऊन चालत नाही, ‘अ‍ॅट्रिब’ या कोशातून ते नाव वगळावे लागते. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतील ‘एक्सएलिमेंट’मध्ये मात्र ‘सेट अ‍ॅट्रिब्यूट व्हॅल्यू’ला रिक्त मूल्य दिले की अ‍ॅट्रिब्यूट आपोआप जाते. दोन्हींत काम करणाऱ्यांनी ही सवय सोबत नेऊ नये.

‘फाइंड’ने शोधलेला एलिमेंट सापडला का, हे तपासताना आणखी एक काळजी घ्यावी. ‘एलिमेंट खरा आहे का’ अशी ढोबळ अट लिहिली तर ज्या एलिमेंटला उपएलिमेंट नाहीत तो, आत मजकूर असूनही, खोटा ठरतो. आपल्या फाइलमध्ये ‘रानवाटा’ हे शीर्षक असलेला एलिमेंट अशा अटीत वगळला जाईल आणि कोणताही त्रुटीसंदेश येणार नाही. पायथन ३.१२पासून या वापराबद्दल स्पष्ट इशारा मिळतो. तुलना नेहमी ‘नन आहे का’ अशीच करावी.

प्रकाशनस्थळाबद्दल एक सूचना, कारण प्रश्नात तिचा उल्लेख नसला तरी कोड लिहिताना मोह होतोच. वाचनालयाचा तालुका ही आजची प्रशासकीय माहिती आहे, ती बदलली तर सूची बदलावी. प्रकाशनस्थळ मात्र पुस्तकावर जसे छापलेले आहे तसे ठेवण्याची सूचिकारांची रीत आहे. पोर्तुगीज अमदानीत पणजीला नोवा गोवा हे अधिकृत नाव होते. त्या काळच्या पुस्तकावर तेच छापलेले असेल तर ते ‘पणजी’ करणे ही दुरुस्ती नव्हे, तो पुराव्यातील फेरफार होईल. शोधाच्या सोयीसाठी आजचे नाव हवेच असेल तर ‘प्रकाशनस्थळ’ एलिमेंटला ‘आजचेनाव’ असे एक अ‍ॅट्रिब्यूट जोडावे आणि आतील मजकुराला हात लावू नये. गोव्यातील जुन्या नोंदींत एकाच गावाचे नाव मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज वळणाने लिहिलेले सापडते, त्यामुळे ही पद्धत इथे विशेष उपयोगी पडते.

आता मजकुराकडे वळतो. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून थोडे सावकाश सांगतो.

‘एलिमेंटट्री’ आणि तिच्याच वळणाने चालणारी ‘एलएक्सएमएल’ ही दुसरी पायथन लायब्ररी, या दोन्हींमध्ये एलिमेंटचा मजकूर एका ठिकाणी साठवलेला नसतो. एलिमेंटच्या ‘टेक्स्ट’मध्ये केवळ पहिल्या उपएलिमेंटच्या आधीचा मजकूर असतो. उपएलिमेंट संपल्यानंतरचा मजकूर त्या उपएलिमेंटच्या ‘टेल’मध्ये ठेवलेला असतो, जरी तो दिसायला बाहेरच्या एलिमेंटच्या आत असला तरी. आपल्या ४१२ क्रमांकाच्या नोंदीत ‘शीर्षक’चा ‘टेक्स्ट’ म्हणजे ‘गोमंतकातील’ हा शब्द आणि त्याच्या मागची-पुढची मोकळी जागा, ‘विशेष’चा ‘टेक्स्ट’ म्हणजे ‘जत्रा’, आणि ‘आणि लोकाचार’ हे शब्द ‘विशेष’च्या ‘टेल’मध्ये. पूर्ण शीर्षक केवळ वाचायचे असेल तर ‘इटरटेक्स्ट’ने सर्व तुकडे क्रमाने जोडावेत.

याचा परिणाम पाहा. जादा मोकळ्या जागा काढण्यासाठी कोणी ‘शीर्षक’च्या ‘टेक्स्ट’वर ‘स्ट्रिप’ (दोन्ही कडांच्या मोकळ्या जागा काढणारी मेथड) चालवले, तर सुरुवातीची नको असलेली जागा जाईल हे खरे, पण ‘गोमंतकातील’नंतरची आवश्यक जागाही जाईल आणि शीर्षक ‘गोमंतकातीलजत्रा’ असे जुळून बसेल. उलट, शीर्षकाच्या शेवटी असलेल्या दोन जादा जागा ‘विशेष’च्या ‘टेल’मध्ये असल्याने त्या तशाच राहतील. म्हणून उपएलिमेंट असलेल्या शीर्षकात ‘टेक्स्ट’ची केवळ डावी कड आणि शेवटच्या उपएलिमेंटच्या ‘टेल’ची केवळ उजवी कड साफ करावी. आतल्या भागात एकापेक्षा अधिक सलग जागा असतील तर त्यांची एक करावी, पण ती एक राखावी. उपएलिमेंट नसलेल्या शीर्षकाला मात्र दोन्ही कडा एकदम साफ करता येतात. कोडमध्ये ही दोन प्रकरणे वेगळी ठेवावीत.

संपूर्ण शीर्षक नव्याने लिहायचे असेल तर भाषेनुसार वागणूक बदलते. जावाच्या किंवा जावास्क्रिप्टच्या डॉममध्ये (दस्तऐवजाचे झाड हाताळण्याच्या तिथल्या पद्धतीत) ‘टेक्स्ट कंटेंट’ला नवे मूल्य दिले की आतील सर्व उपएलिमेंट पुसले जातात आणि केवळ नवा मजकूर उरतो. डॉटनेटच्या ‘एक्सएलिमेंट’मधील ‘व्हॅल्यू’ही तसेच करते. पायथनमध्ये ‘टेक्स्ट’ला नवे मूल्य दिले तर उपएलिमेंट आणि त्यांचे ‘टेल’ तिथेच राहतात, आणि नव्या शीर्षकाच्या मागे जुन्याचे शेपूट लटकते. यातील कोणतीही वागणूक चुकीची नाही, पण एका भाषेतील उदाहरण दुसऱ्या भाषेत उतरवताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. पायथनमध्ये पूर्ण बदल हवा असेल तर आधी उपएलिमेंट काढावेत, मग ‘टेक्स्ट’ लिहावा.

उपएलिमेंट काढण्याचेही तसेच आहे. ‘विशेष’ हे चिन्हांकन नको आहे, पण ‘जत्रा’ हा शब्द हवा आहे, अशा वेळी सरळ ‘रिमूव्ह’ केले तर ‘जत्रा’ तर जाईलच, पण ‘आणि लोकाचार’ हे शब्दही ‘टेल’सोबत जातील. आधी ‘विशेष’चा ‘टेक्स्ट’ आणि ‘टेल’ दोन्ही ‘शीर्षक’च्या ‘टेक्स्ट’ला जोडून मगच ते काढावे. ‘विशेष’च्या आधी दुसरा उपएलिमेंट असेल तर त्याच्या ‘टेल’ला जोडावे. ‘एलएक्सएमएल’मध्ये ‘स्ट्रिप टॅग्ज’ हे फंक्शन हे काम नीट करते. आणि फेरी चालू असताना त्याच यादीतून एलिमेंट काढू नयेत, कारण त्यामुळे पुढचा भावंड-एलिमेंट तपासणीविना सुटतो. आधी शोधलेल्यांची स्वतंत्र यादी करावी, मग तीवर फिरावे.

नवा मजकूर देताना ‘अँड’चे चिन्ह किंवा लहान-मोठेपणाची कोनचिन्हे स्वतः बदलून देऊ नयेत. लिहिताना ‘एलिमेंटट्री’ किंवा ‘एलएक्सएमएल’ ते काम आपणहून करते. आपणही केले तर ते दोनदा होते आणि वाचकाला शीर्षकात चिन्हाऐवजी त्याचे सांकेतिक रूप दिसते. जुन्या डेटाबेसमधून चिकटवलेल्या मजकुरात मात्र कधी कधी अदृश्य नियंत्रणचिन्हे असतात आणि एक्सएमएल १.०मध्ये टॅब व ओळखंडाची चिन्हे वगळता ती निषिद्ध आहेत. ‘एलएक्सएमएल’ अशी चिन्हे स्वीकारत नाही आणि तिथल्या तिथे त्रुटी दाखवते, ‘एलिमेंटट्री’ मात्र ती मुकाट्याने लिहून टाकते. मग ती फाइल पुन्हा वाचताना पार्सर अडतो, तोवर मूळ कारण विसरलेले असते.

मराठी मजकुराच्या बाबतीत याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिसायला एक पण साठवणुकीत वेगळी अक्षरे. ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रत’ या शब्दांतला ‘ऱ्या’ तीन प्रकारे लिहिलेला सापडतो: खास ‘ऱ’ या अक्षराने, साध्या ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण तुलना केली तर जुळत नाहीत, आणि अट असलेली नोंद बदलायची राहून जाते. पहिल्या दोन प्रकारांना युनिकोडचे ‘एनएफसी’ प्रमाणीकरण एकरूप करते. तिसऱ्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. हे प्रमाणीकरण तुलनेच्या क्षणी दोन्ही बाजूंना लावावे. साठवलेल्या मजकुरावर ते कायमचे करायचे की नाही हा वेगळा निर्णय आहे, आणि तो तालुक्याच्या दुरुस्तीच्या आडून घेतला जाऊ नये. गावांच्या नावांमागे चिकटलेली न तुटणारी मोकळी जागा पायथनचे ‘स्ट्रिप’ काढते, परंतु शून्य रुंदीची जागा काढत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

प्रतींच्या आकड्यांबद्दल. अ‍ॅट्रिब्यूटचे मूल्य नेहमी अक्षरमालाच असते. ‘सेट’ला संख्या दिली तर ‘एलिमेंटट्री’ त्या क्षणी काही बोलत नाही आणि फाइल लिहिताना अडते. पायथनचे ‘इंट’ देवनागरी अंक विनासायास वाचते, म्हणून ‘२’चे मूल्य वाढवून तीन करणे सोपे आहे. पण ती संख्या पुन्हा अक्षरमालेत बदलली की इंग्रजी अंक मिळतो, आणि सूचीत काही नोंदी देवनागरी अंकांत तर काही इंग्रजी अंकांत अशी सरमिसळ होते. लिहिण्याआधी अंकांचे रूपांतर करणारे एक छोटे फंक्शन हवे. जावास्क्रिप्टमध्ये ‘पार्सइंट’ देवनागरी अंक ओळखतच नाही, तिथे वाचतानाही रूपांतर लागते. फाइलला एक्सएसडी स्वरूपाचा आराखडा जोडलेला असून त्यात ‘प्रती’ हा पूर्णांक ठरवलेला असेल, तर तो इंग्रजी अंकच मागतो. अशा वेळी साठवणूक इंग्रजी अंकांत ठेवून देवनागरी रूप छपाईच्या वेळी द्यावे, हे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

आता प्रश्नातील त्या आकड्यांचे कारण. ‘एलिमेंटट्री’च्या ‘राइट’ला एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) सांगितले नाही तर ती मूळ आस्की हा इंग्रजी अक्षरांचा संच गृहीत धरते, आणि त्या संचात देवनागरी नसल्यामुळे मजकुरातील प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहिले जाते. ‘ग’च्या जागी २३२७ हा क्रमांक आणि ‘फ’च्या जागी २३४७ हा क्रमांक असलेला संदर्भ दिसतो. मजकुरातील माहिती यात नष्ट होत नाही, पार्सर ते संदर्भ वाचून तीच अक्षरे परत देतो. मात्र आपल्या फाइलप्रमाणे एलिमेंटची नावेही देवनागरीत असतील तर तीही आकड्यांत जातात, आणि नावांत असे संदर्भ चालत नसल्यामुळे ती फाइल पार्सरला वाचता येत नाही. शिवाय माणसाला ती वाचता येत नाही आणि आकारही फुगतो. ‘राइट’ला एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ सांगावे आणि एक्सएमएल घोषणेची ओळ लिहिण्याचा पर्याय चालू करावा. ‘एलएक्सएमएल’मध्येही हीच दक्षता घ्यावी लागते. वाचताना फाइल स्वतः मजकूर म्हणून उघडू नये, तिचा मार्ग थेट पार्सरला द्यावा. घोषणेतील एन्कोडिंग पाहून बाइट उलगडणे हे पार्सरचे काम आहे, आणि विंडोजवर मधेच भलतेच एन्कोडिंग लागून मराठी मजकुराची माती होण्याचा धोका त्यामुळे टळतो.

टिपणे नाहीशी होण्याचे कारण निराळे आहे. ‘एलिमेंटट्री’चा नेहमीचा पार्सर टिपणे झाडात घेतच नाही, त्यामुळे ती परत लिहिली जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डॉक्टाइपची (दस्तऐवजाचा प्रकार सांगणारी) ओळही अशीच जाते. पायथन ३.८पासून टिपणे राखण्याचा पर्याय आहे, पण ‘देणगीतील पुस्तके वेगळ्या कपाटात’ यासारखी उपयुक्त माहिती ज्या फाइलमध्ये टिपणांत ठेवलेली आहे, तिच्यासाठी मी सरळ ‘एलएक्सएमएल’ वापरण्याचा सल्ला देईन. ती टिपणे, डॉक्टाइप आणि अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम राखते, सीडेटा विभाग (आतील चिन्हांना टॅग न मानणारे मजकुराचे भाग) राखण्याचाही पर्याय देते, आणि तिच्यात पूर्ण एक्सपाथ (झाडातील जागा शोधण्याची भाषा) उपलब्ध असल्याने ‘फोंडा तालुक्यातील आणि उत्तर गोवा लिहिलेली वाचनालये’ ही अट एका ओळीत मांडता येते. एकेरी की दुहेरी अवतरण, टॅगमधील अ‍ॅट्रिब्यूटांमधली जागा, रिकाम्या एलिमेंटचे लांब किंवा आखूड रूप, या गोष्टी मात्र सामान्य पार्सर सहसा लक्षात ठेवत नाहीत. त्या बदलल्या तर अर्थ बदलत नाही, म्हणून त्यांची चिंता करू नये. आणि फाइल सुबक दिसावी म्हणून नव्याने इंडेंट करण्याचा पर्याय या कामात तरी वापरू नये, कारण त्यामुळे प्रत्येक ओळ बदललेली दिसते आणि शीर्षकांसारख्या मिश्र मजकुरात नव्या मोकळ्या जागा घुसू शकतात.

नेमस्पेसबद्दल, म्हणजे एकसारख्या नावांची गल्लत टाळणाऱ्या नामसमूहाबद्दल, थोडे. आपल्या नमुन्यात ती नाही, पण हीच माहिती पुढे मार्क-एक्सएमएलमध्ये (ग्रंथालयीन नोंदींच्या एका प्रमाण स्वरूपात) नेली तर ती भेटेलच. तेथे प्रत्येक एलिमेंट एका नेमस्पेसमध्ये असतो, आणि साधे नाव देऊन शोधले तर काहीच सापडत नाही, त्रुटीही येत नाही. शोधताना नेमस्पेसचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. शिवाय तेथे शीर्षक हे ‘शीर्षक’ नावाच्या एलिमेंटमध्ये नसते. ‘डेटाफील्ड’ या एलिमेंटचे ‘टॅग’ अ‍ॅट्रिब्यूट २४५ असेल आणि आतील ‘सबफील्ड’चा ‘कोड’ इंग्रजी ‘ए’ असेल, तेव्हा तो मजकूर मुख्य शीर्षकाचा ठरतो. म्हणजे जागा अ‍ॅट्रिब्यूटने ठरते आणि बदल मजकुरात होतो. ‘एलिमेंटट्री’ने अशी फाइल परत लिहिताना नेमस्पेसची नोंदणी आधी केलेली नसेल तर प्रत्येक नावामागे तिने स्वतः रचलेला उपसर्ग लागतो. तो चुकीचा नसतो, पण समोरची प्रणाली जुनी असल्यास ती त्याला अडखळू शकते.

बदल झाल्यावरची तपासणी हा माझ्या मते कामाचा अर्धा भाग आहे. मूळ फाइलवर कधीही लिहू नये. त्याच फोल्डरमध्ये नवी तात्पुरती फाइल लिहावी, ती पुन्हा पार्स करून पाहावी आणि सर्व ठीक असेल तरच ‘रिप्लेस’ने जुन्याच्या जागी आणावी, मूळ प्रत वेगळी राखून. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि अर्धवट लिहिलेली एक्सएमएल फाइल शेवटचा टॅग नसल्यामुळे संपूर्णच वाचता येत नाही.

त्यानंतर जुनी आणि नवी फाइल ‘कॅनॉनिकलाइज’ या फंक्शनने प्रमाणरूपात आणावी. हे फंक्शन पायथन ३.८पासून उपलब्ध आहे. प्रमाणरूपात अ‍ॅट्रिब्यूट ठरावीक क्रमाने येतात, अवतरणे एकसारखी होतात, रिकामे एलिमेंट एकाच पद्धतीने लिहिले जातात. टिपणे मात्र त्यात आपणहून येत नाहीत, ती घेण्याचा पर्याय चालू करावा. मग दोन्ही रूपांची ओळीगणिक तुलना करावी. दिसणारा प्रत्येक फरक प्रोग्रॅमने ठेवलेल्या बदलांच्या नोंदीत असला पाहिजे, आणि नोंदीतील प्रत्येक बदल फरकांत दिसला पाहिजे. एकही जास्त नको आणि एकही कमी नको. सोबत काही साधे प्रश्न एक्सपाथने विचारावेत: ग्रंथांची एकूण संख्या आधीइतकीच आहे का, फोंडा असूनही ‘उत्तर गोवा’ लिहिलेली नोंद उरली आहे का, प्रकाशनस्थळांपैकी एखादे बदलले आहे का.

प्रोग्रॅम नव्या फाइलवर दुसऱ्यांदा चालवून पाहावा. जिल्हा, तालुका आणि मोकळ्या जागा यांच्या बाबतीत दुसऱ्या फेरीत बदलांची नोंद रिकामी आली पाहिजे. प्रतींचे तसे नाही. ‘एकने वाढवा’ असा नियम असेल तर प्रत्येक फेरीत आकडा वाढत जाईल. म्हणून प्रतींसाठी क्रमांकानुसार अंतिम आकडा देणारा तक्ता करावा आणि ‘४१२ क्रमांकाच्या ग्रंथाच्या प्रती तीन ठेवा’ असा नियम लिहावा, म्हणजे फेरी कितीही वेळा चालली तरी फल तेच राहते.

फाइल फार मोठी असेल, म्हणजे स्मृतीत मावणार नाही इतकी, तर ‘इटरपार्स’ने एकेक ‘ग्रंथ’ वाचून, बदलून, लिहून लगेच मोकळा करावा. गावोगावच्या वाचनालयांच्या सूचीला ही वेळ सहसा येत नाही. मात्र जुन्या प्रणालीतून दर महिन्याला नवी फाइल निघणार असेल आणि तिच्यावर हेच नियम लावायचे असतील, तर एक्सएसएलटीचा (एक्सएमएलचे रूपांतर करण्याच्या भाषेचा) विचार अवश्य करावा. त्यात ‘जे जसे आहे ते तसेच उतरवा’ हा एक सर्वसाधारण साचा लिहितात आणि अपवादांसाठी छोटे साचे जोडतात: एक फोंड्याच्या जिल्ह्यासाठी, एक धारबांदोड्याच्या गावांसाठी. गावांचा तक्ता तेथेही वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवून ‘डॉक्युमेंट’ या फंक्शनने वाचता येतो, त्यामुळे तो तपासून घेण्याची सोय कायम राहते.